चितळ इतके, मग वाघ थोडे का?

प्रश्न : ताडोबात चितळांचे कळप जागोजागी दिसतात. एवढे खाद्य असताना वाघ त्या मानाने थोडेच का?

उत्तर : चितळाने खाल्लेल्या गवतातले बरेचसे लेंड्यांवाटे बाहेर पडते. पचलेल्यातलेही बहुतेक श्वासोच्छ्वास, धावपळ आणि अंग उबदार ठेवण्यात खर्ची पडते. मांस म्हणून साठते ते थोडेसेच, आणि वाघाच्या वाट्याला येते तेही तेवढेच. ही गळती रेमंड लिंडेमन यांनी १९४२ साली एका तळ्याच्या अभ्यासातून मांडली. एका पायरीवरून पुढच्या पायरीला दहावा हिस्साच पोचतो, हा पाठ्यपुस्तकातला दहा टक्क्यांचा नियम मात्र ढोबळच समजा. एका वाघाला वर्षाला चितळाएवढी साधारण ५० जनावरे लागतात. कळप न घटता ती दरवर्षी मिळायची तर जंगलात सुमारे ५०० हवीत. आणि लेंड्या वाया जात नाहीत बरे, शेणकिडे नि वाळवी त्यांवर पोसतात.