पासोडीवर मन कुठे बसतं?

इंग्रजीच्या पेपरात 'माइंड' आलं की आपण मराठीत 'मन' लिहून पुढे जातो. मार्क कुणी कापत नाही. पण या दोन शब्दांचा पसारा सारखा नाही. इंग्रजीतलं माइंड मुख्यतः विचार करतं; दुखायचं, भरून यायचं काम हार्टकडे. मराठीत अभ्यासाला बसलं की मन लागत नाही, आणि कुणी टाकून बोललं की तेही मनालाच लागतं. चूक झाली की मन खातं, भीती वाटली की मन धजत नाही. विचार, दुःख, धाडस, टोचणी, सगळ्यांचा पत्ता एकच. आपल्या बीदरकडे तर आणखी गंमत: वर्गात कन्नड 'मनस्सु', बाजारात दखनी 'दिल', आणि कन्नडमध्ये 'मने' म्हणजे घर. (मन आणि मने यांचा मुळात काही संबंध नाही. एक संस्कृतातून आला, दुसरा द्राविडी. तरी ऐकायला बरं वाटतं.)

मग मन म्हणजे नक्की काय? युरोपात हा प्रश्न ज्या रूपात गाजला त्याच्या मुळाशी देकार्त आहे. 1641 च्या 'मेडिटेशन्स'मध्ये त्याने दोन वेगळी द्रव्यं मानली. शरीर जागा व्यापतं, मन फक्त विचार करतं. 1643 मध्ये बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने पत्र लिहून त्याला सरळ विचारलं, की जे जागाच व्यापत नाही ते शरीराला हलवतं कसं? देकार्तने उत्तरं दिली, पण तिचं समाधान झालं नाही. मला विचाराल तर आजपर्यंत कुणाचंच पुरतं झालेलं नाही.

आपल्याकडे रेषा दुसरीकडे ओढली गेली, आणि ती बघायला फार लांब जावं लागत नाही. दासोपंत (1551–1615) हे नारायणपेठचे. वडील बीदरच्या बरीदशाहीत अधिकारी होते. पुढे दासोपंत अंबाजोगाईला राहिले. (ते बीड जिल्ह्यात. बीदर नव्हे, बीड.) त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा म्हणून सांगतात, पण आपल्या विषयाला त्यांची पासोडी जास्त जवळची. पासोडी म्हणजे पांघरायचं जाड कापड. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहिलं. कागदावर मावलं नसतं असं नाही. पण हा विषयच तक्त्यासारखा पसरून दाखवण्याचा आहे.

पंचीकरण म्हणजे काय? आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी ही पाच भूतं एकमेकांत मिसळून देह कसा बनला याचा हिशेब. रामदासांनी दासबोधाच्या सतराव्या दशकात हाच हिशेब पाचापाचांच्या गटांत मांडला आहे. पाच प्राण, पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच विषय. आणि या सगळ्यांच्या आधी अंतःकरणपंचक: अंतःकरण, मन, बुद्धी, चित्त, अहंकार. यात मनाचं काम अगदी मर्यादित आहे. करू की नको, हो की नाही, अशी उलटसुलट चालवणं म्हणजे मन. निश्चय केला ती बुद्धी. त्याचंच चिंतन चाललं ते चित्त. 'मी केलं' म्हणणारा तो अहंकार.

इथे जरा थांबू. या मांडणीत मन शरीराच्या विरुद्ध बाजूला उभं नाही. श्वास, डोळा, पाय, जीभ यांच्या रांगेत त्याचं नाव आहे. ते सूक्ष्म आहे, पण आहे भूतांचंच. म्हणजे एलिझाबेथच्या प्रश्नाची इथे तितकी अडचणच होत नाही. हत्याराने हत्यार हलवावं तसं मन हाताला हलवतं.

याचा आज उपयोग काय, असं कुणी म्हणेल. आहे. परीक्षेच्या दिवसांत एखाद्याला झोप लागत नाही, जेवण जात नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं. घरी सांगितलं तर उत्तर ठरलेलं: "काही नाही, मनाचे खेळ आहेत, मनावर घेऊ नको." बोलणाऱ्याची माया खरी असते. पण या वाक्यात एक तत्त्वज्ञान लपलंय, की शरीराचं दुखणं खरं आणि मनाचं खोटं. गुडघा दुखला तर कुणी 'गुडघ्यावर घेऊ नको' म्हणतं का? पासोडीच्या हिशेबाने बघितलं तर मन हेही एक साधन आहे, आणि साधन बिघडू शकतं. डोळ्यात मोतीबिंदू आला म्हणून कुणी माणसाला कमी लेखत नाही. 2017 चा मानसिक आरोग्य कायदाही उपचार आणि विमा या बाबतीत मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने धरा असंच सांगतो. 2022 मध्ये सुरू झालेल्या सरकारी टेलिमानस सेवेचा नंबर 14416 आहे, लिहून ठेवा.

आता अवघड भाग. 'मनाचे श्लोक' 205 आहेत आणि ते मनाला उद्देशून आहेत. रामदास मनाला समोर बसवून, कधी गोंजारत, कधी दटावत बोलतात. लहानपणी पाठ करताना सुचत नाही, पण प्रश्न उरतोच: मनाशी बोलणारा कोण? वेदान्ताचं उत्तर आहे, साक्षी. तो तक्त्यात कुठेच नाही, कारण तक्ता बघणारा तोच. आजारी माणसाला याचा आधार वाटू शकतो: बिघडलंय ते माझं साधन, मी नव्हे. पण ज्याचं मन फार खचलंय त्याला 'मनाला आवर' असं सांगणंही इथूनच येतं. आवरायचं कशाने? बुद्धी आणि चित्त त्याच पंचकातले. मन खचलं की तीही डगमगतात.

माझ्या धर्मशिक्षणातून आलेलं उत्तर इथे वेगळ्या वाटेने जातं. चर्चमध्येही पुष्कळांना वाटतं की शरीर म्हणजे पिंजरा आणि आत्मा म्हणजे पक्षी. चर्चची शिकवण तशी नाही. 1312 च्या व्हिएन परिषदेने आत्मा हे शरीराचं 'रूप' म्हटलं, म्हणजे ज्यामुळे हे शरीर जिवंत माणसाचं शरीर ठरतं ते. त्याआधी तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रावर लिहिताना स्पष्ट केलं होतं की माझा आत्मा म्हणजे काही पुरा मी नव्हे. देहाशिवाय मी अपुरा.

बायबलच्या भाषांतरातही हा गुंता दिसतो. अनुवादाच्या ज्या मूळ आज्ञेत देवावर प्रीती करायला सांगितलंय तिथे हिब्रूत 'लेव' शब्द आहे. अर्थ हृदय, पण हे हृदय विचारही करतं, अगदी आपल्या मनासारखं. तीच आज्ञा ग्रीक शुभवर्तमानात आली तेव्हा हृदयाला सोबत म्हणून 'दियानोइया', म्हणजे विचारशक्ती, हा शब्दही आला. मराठी बायबलात मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायात अंतःकरण, जीव आणि मन असे तीन शब्द आहेत. म्हणजे पासोडीवरच्या पंचकातले दोन शब्द इथेही आहेत, फक्त इथे ते हत्यारं म्हणून येत नाहीत. माणसाने स्वतःला पुरतं द्यायचं तर काय काय द्यावं लागेल, याची ती यादी आहे.

दोन्ही बाजू एकदम खऱ्या धरता येत नाहीत. एकीकडे बघणारा तक्त्याबाहेर. दुसरीकडे कापडासकट सगळा तक्ता म्हणजे मी. दुखण्याला नाव देताना मला पासोडी जवळची वाटते, कारण ती लाज काढून टाकते. पण दुखतंय ते 'माझ्या साधनाला' असं आजारी मैत्रिणीला सांगायला माझी जीभ रेटत नाही. दुखतं तेव्हा तीच दुखते, तेव्हा तिथे मी अक्विनासकडे.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत दासबोधातला सतराव्या दशकाचा आठवा समास वाचू. घरी प्रत असेल तर आणा, आणि आजी-आजोबांना पाचही प्राणांची नावं येतात का तेही विचारून या.