मावळ्याच्या चेहऱ्याचा रंग

दिवाळीत अंगणात किल्ला करण्याची प्रथा आपणा सर्वांना परिचित आहे. भोर-वेल्हे भागात तर रोहिडा, तोरणा, राजगड हे खरे किल्ले डोळ्यांसमोर असतात आणि त्यांच्याच परिसरात मुले मातीचे किल्ले उभारतात. त्यांवर मांडावयाच्या मूर्तींना आपण ‘चित्रे’ म्हणतो. या चित्रांतील मावळ्याचा चेहरा बहुधा फिकट गुलाबी असतो. दोन बोटे उंचीच्या चित्रात ते खपून जाते, कारण तेथे चेहराच मुळी हरभऱ्याएवढा! परंतु मस्तक वीतभर उंचीचे केले, की तोच सपाट रंग मुखवट्यासारखा दिसू लागतो. अशा मोठ्या मस्तकावर जिवंत कातडीचा आभास कसा आणावा, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कातडी हा एक रंग नव्हे. ते थर आहेत. वरच्या थरात मेलॅनिन हे तपकिरी रंगद्रव्य असते, त्याखाली रक्तवाहिन्यांचे जाळे. प्रकाश थोडा आत शिरतो आणि या थरांतून गाळून बाहेर येतो. सावळाराम हळदणकरांचे निरांजन घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. दिव्याआड धरलेल्या तिच्या बोटांची तांबूस झाक आठवावी. ती या आतल्या रक्ताची आहे. जुने इटालियन चित्रकार चेहऱ्यावर आधी हिरव्या मातीचा थर देत आणि त्यावर तांबूस छटा चढवीत. इ. स. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनीने लिहिलेल्या ग्रंथात ही रीत सांगितली आहे. म्हणजे कातडीचा रंग तबकडीत तयार होत नाही, तो थरांवर थर देऊन मूर्तीवरच तयार होतो.

माझी पद्धत अशी. प्लॅस्टर रंग शोषून घेते, म्हणून प्रथम अस्तर द्यावे. पाया म्हणून बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर यांत किंचित अल्ट्रामरीन मिसळावा. हे रंग आपल्याला परके नाहीत. यलो ऑकर ही पिवळी माती, आणि बर्न्ट सिएना आपल्या गेरूच्या गोत्रातला. सावलीसाठी काळा रंग वापरू नये; त्याने चेहरा राखेसारखा होतो. बर्न्ट अंबर व अल्ट्रामरीन यांच्या मिश्रणाने सावली खोल होते, पण मरत नाही. उजेडासाठी नुसता पांढरा घातला तर खडूची छटा येते. आधी पिवळी माती वाढवावी, पांढरा शेवटी आणि थेंबभरच. पोस्टर रंगाचा वरचा हात खालचा थर विरघळवतो, म्हणून पातळ थरांसाठी ॲक्रिलिक बरे. ते एकदा वाळले की पुन्हा उठत नाही. तैलरंग उशिरा वाळतात, त्यामुळे छटा एकमेकींत मुरवता येतात.

यानंतर चेहऱ्याचे तीन भाग कल्पावेत. कपाळावर हाड जवळ असते. तेथे पिवळसर झाक. गाल, नाक आणि कानाच्या पाळ्या रक्ताने तांबूस. हनुवटी व जबडा, दाढीच्या खुंटांमुळे, निळसर करडे. ओठ लाल करू नयेत. तपकिरीत थोडी जांभळट छटा पुरे. डोळ्यांचे पांढरेही शुभ्र नसते. खोलीतल्या पसरट उजेडात मूर्तीवर सावल्या पुसट पडतात. म्हणून माथ्यावरून ऊन येत आहे असे समजून भुवयांखाली, नाकाखाली आणि खालच्या ओठाखाली सावली रंगानेच द्यावी.

आता मुख्य प्रश्न : हा चेहरा कोणाचा? कान्होजी जेधे भोरजवळच्या कारीचे. स्वराज्याच्या आरंभी शिवरायांभोवती जमलेली माणसे गुंजण मावळ, हिरडस मावळ, कानद खोरे अशा भागांतली. ही भातशेती करणारी, डोंगर चढणारी, उन्हापावसात राबणारी माणसे. तेथल्या आवणीवर आजही नजर टाकली, तर गुलाबी चेहरा आढळणे कठीण. मला आढळतात ते गव्हाळ, तांबूस-सावळे, काळेसावळे. मुंडाशाखाली झाकलेले कपाळ उजळ, आणि नाकाचा शेंडा व गालांची हाडे रापलेली. सावळ्या कातडीवर उजेडाची चमक पिवळी नसते, आकाशाची निळसर असते, हेही तेथेच दिसते.

‘अंगाचा रंग’ म्हणून तयार गुलाबी रंग देण्याची सवय केवळ आपलीच नाही. अमेरिकेतील क्रेयोला खडूंच्या पेटीत एका फिकट खडूचे नाव ‘मांसवर्ण’ या अर्थाचे होते. १९६२ साली ते बदलून ‘पीच’ ठेवण्यात आले, कारण सर्वांची कातडी त्या रंगाची नसते. आपल्या चित्रांनीही हा विचार करावा. मावळ्याला गोरा करण्यात त्याचा सन्मान नाही. ज्या मुलाचे आजोबा भात लावतात, त्या मुलाला किल्ल्यावरच्या चित्रात आजोबांचा चेहरा ओळखू यावा. रंगमिश्रणाचा सारा खटाटोप त्यासाठीच आहे.