वर्दी उतरली तरी

अगं, बरं झालं मला विचारलंस. फौजेतून रिलीज होऊन बेंगळुरूत एचएसआरला घर लागलं नाही तोच नवरा टीएचा, म्हणजे टेरिटोरियल आर्मीचा, फॉर्म भरायचं म्हणतो, तर तुझ्या पोटात गोळा येणारच. आमच्याकडेही हेच झालं होतं.

पहिली गोष्ट, शॉर्ट सर्व्हिस कमिशनवाला दहा किंवा चौदा वर्षांनी सुटतो, पण फौज त्याला लगेच मोकळं सोडत नाही. पुढची पाच वर्षं किंवा वयाची चाळिशी, जे आधी येईल तोवर तो राखीव अधिकारी असतोच. त्याला तुझी-माझी परवानगी लागत नाही. टेरिटोरियल आर्मीचं तसं नाही, ती आपखुशीची. म्हणूनच तिथे तुझं मत मोलाचं आहे.

तो फॉर्म का भरतोय, ते मी सांगते. पहाटे पाचला उठून अगरा तलावाला फेऱ्या मारतो ना? सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगच्या शिस्तीवरून भांडतो ना? सगळे असेच करतात, बाई. चौदा वर्षं ज्याच्या एका शब्दावर शंभर माणसं हलली, त्याला इथे वॉचमनसुद्धा 'सर, स्टिकर कुठाय?' विचारतो. टीएत वर्षातले दोन महिने पलटणीत काढून आला की माणूस उरलेले दहा महिने घरात जरा बरा वागतो. मला तरी हा फायदा फार मोठा वाटतो.

पण पैशाच्या आशेने होकार देऊ नकोस. टीएत पगार नियमित अधिकाऱ्याइतकाच, पण जेवढे दिवस बोलावतील तेवढ्याच दिवसांचा. शॉर्ट सर्व्हिसला पेन्शन नाही हे तुला माहीतच आहे. टीएची हवी तर प्रत्यक्ष सेवेची वीस वर्षं भरावी लागतात. वर्षाला दोन महिन्यांनी हिशेब कर, एकशे वीस वर्षं होतात! तेव्हा आधी नोकरी. आणि हे नुसतं माझं म्हणणं नाही, कमावता असणं ही टीएचीच अट आहे. वयाची मर्यादा बेचाळीस. म्हणजे नोकरीत बसायला त्याच्याकडे दोनतीन वर्षं आरामात आहेत, घाई कशाला?

नोकरी घेताना मात्र लपवाछपवी नको. सत्ताविसाव्या मेनवरच्या स्टार्टअपमध्ये मुलाखत घेणाऱ्या पोराला टीए म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. ऑफर लेटरवर सही करण्याआधी स्पष्ट सांगायला सांग. सेवेला बोलावलेल्या माणसाला परत कामावर घेण्याचं बंधन 1948 च्या टीए कायद्यात मालकावर घातलेलं आहे, कलम 7-अ. पण कायदा दाखवून खुर्ची मिळते, साहेबाची मर्जी मिळत नाही. आमच्या ह्यांना एका कंपनीने परत तर घेतलं, पण हातातलं काम दुसऱ्याला देऊन.

आणि 'दोनच महिने' हे त्याचं पालुपद मनावर घेऊ नकोस. मे 2025 मध्ये सरकारने लष्करप्रमुखांना टीए बोलावण्याचे अधिकार दिले, 32 पायदळ पलटणींपैकी 14 तैनात करायच्या म्हणून, आणि तो हुकूम फेब्रुवारी 2028 पर्यंतचा. धोनीचं उदाहरण देत असेल तर देऊ दे. आपल्या बेंगळुरूच्याच 106 पॅरा टीएबरोबर तो 2019 मध्ये काश्मीरला पंधरा दिवस राहून आला खरा, पण तो मानद लेफ्टनंट कर्नल. तुझ्या नवऱ्याला पंधरा दिवसांनी कुणी परत पाठवणार नाही. त्याच्या मनात कोल्हापूरची 109 मराठा असणार, पण पलटण कोल्हापूरची असली तरी तैनाती कोल्हापुरात होईल असं थोडंच आहे?

म्हणून सह्या होण्याआधी दोघांनी बसून ठरवा: तो नसताना घरभाडं कुठून जाणार, मुलीची शाळा कोण बघणार, तुझ्या नोकरीला रजा मिळेल का, सासूबाई येऊन राहतील का. फौजेत असताना शेजारच्या क्वार्टरमधली बाई धावून यायची, युनिट पाठीशी असायचं. इथे समोरच्या फ्लॅटमधल्यांचं नावही आपल्याला ठाऊक नसतं. हे प्रश्न त्याला सुचणार नाहीत, तूच काढ.

उत्तरं पटली तर खुशाल भरू दे फॉर्म. नाही पटली, तर या वर्षी नाही म्हण, आणि स्वच्छ आवाजात म्हण.