घर, घरचा व्यवसाय आणि दूरध्वनीच्या लाईनी

एके काळी दूरध्वनीसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि लग्नपत्रिकेवर शेजाऱ्यांचा क्रमांक 'पी. पी.' म्हणून छापला जाई. 31 जुलै 1995 रोजी देशात पहिला मोबाईल कॉल झाला आणि पुढे सारे चित्र पालटले. आज घरोघरी फोन आहेत. तरीही ज्या घरात व्यवसाय चालतो, तेथे 'फोन लागत नाही' ही तक्रार कायम आहे. याचे कारण फोनची संख्या नसून त्यांची रचना होय.

आपल्यातील अनेक कुटुंबे आता खानावळ, शिवणकाम, शिकवणी, विमा, करविषयक कामे घरातूनच करीत आहेत. पहिल्या पिढीच्या व्यावसायिकाला न लागलेला फोन परवडत नाही. कारण गिऱ्हाईक पुन्हा फोन करीलच असे नाही. म्हणून या प्रश्नाचा आपण क्रमाने विचार करू.

1) आधी गरज मोजावी

दुकानदार सांगेल ते यंत्र घेण्यापूर्वी आठवडाभर वहीत नोंद ठेवावी. दिवसाच्या कोणत्या तासात सर्वाधिक फोन येतात व प्रत्येक फोन किती मिनिटे चालतो, एवढेच लिहावे. डबे पुरविणाऱ्या घरात सकाळी 9 ते 10 हा तास गर्दीचा असतो. 'आज डबा नको', 'एक जास्त पाठवा' असे निरोप त्याच वेळी येतात.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी या गर्दीचे सूत्र 1917 साली मांडले. ते आजही उपयोगी आहे. समजा, गर्दीच्या तासात 10 फोन येतात व प्रत्येक फोन 3 मिनिटे चालतो. म्हणजे 60 पैकी 30 मिनिटांचे बोलणे झाले. सर्वसाधारण समजूत अशी की, लाईन अर्धा तास मोकळी असल्याने एक लाईन पुरेशी आहे. परंतु फोन रांग लावून येत नाहीत. सूत्राप्रमाणे एकच लाईन असेल तर 3 पैकी 1 फोन व्यस्त लागेल. दोन लाईनी असतील तर 13 पैकी 1, आणि तीन असतील तर 79 पैकी 1 फोन व्यस्त लागेल. दुसऱ्या लाईनीने मोठा फरक पडतो, तिसरीने त्याहून कमी. विद्यार्थी मित्रांनी हे गणित स्वतः करून पाहावे.

2) उपलब्ध पद्धती

अ) दोन लाईनी व एक क्रमांक : टेलिफोन कंपनीकडून 'हंटिंग'ची सोय घेतल्यास पहिली लाईन व्यस्त असताना आलेला फोन आपोआप दुसरीवर जातो. गिऱ्हाइकाला एकच क्रमांक लक्षात ठेवावा लागतो.

आ) ई.पी.ए.बी.एक्स. : यात बाहेरच्या लाईनी थोड्या व आतील फोन अधिक असतात. '3+8' म्हणजे बाहेरच्या तीन लाईनी व आतील आठ फोन. स्वयंपाकघर, कामाची खोली व वरचा मजला एकमेकांशी विनाखर्च बोलू शकतात आणि आलेला फोन योग्य माणसाकडे देता येतो. चार-पाच खोल्या व दोन-तीन कामकरी असतील तरच याचा विचार करावा.

इ) इंटरनेटवरील क्रमांक : गिऱ्हाइकाने एकच क्रमांक फिरविला की घरातील दोन-तीन मोबाईल ठरविलेल्या क्रमाने वाजतात. तारा ओढाव्या लागत नाहीत. मात्र दरमहा शुल्क भरावे लागते. शुल्क थांबल्यास क्रमांक कोणाकडे राहणार, हे लेखी विचारून घ्यावे. पाटीवर रंगविलेला क्रमांक गमावणे म्हणजे पत्ता गमावण्यासारखेच आहे. मोबाईल क्रमांक कंपनी बदलूनही तोच ठेवण्याची सोय 2011 पासून देशभर आहे, हेही ध्यानात असावे.

3) पारखून घ्यावयाच्या बाबी

तांब्याच्या तारेवरील साध्या फोनला एक्स्चेंजकडून सुमारे 48 व्होल्टचा पुरवठा मिळतो, त्यामुळे घरातील वीज गेली तरी तो चालतो. फायबरच्या जोडणीत घरातील पेटीला वीज लागते. ई.पी.ए.बी.एक्स.चेही तसेच आहे. म्हणून ही यंत्रे इन्व्हर्टरवर घ्यावीत. वीज जाताच एक बाहेरची लाईन थेट एका फोनला जोडली जाण्याची सोय अनेक यंत्रांत असते. ती आहे का, हे पाहावे.

15 जानेवारी 2021 पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. आतील फोनवरून बाहेरची लाईन घेण्याचा अंकही शून्य असेल, तर शून्य दोनदा दाबावे लागेल. घरातील वृद्धांना हे आधीच शिकवून ठेवावे.

धंद्याच्या वेळेत घरची एक लाईन मोकळी राहावी, असा नियम करावा. रात्री धंद्याची लाईन बंद ठेवता येईल, परंतु आजारी माणसासाठी 112 फिरवावयाचा फोन कधीही अडता कामा नये. मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत धंद्याची घंटा वाजणार नाही, अशी जोडणी करून घ्यावी.

4) खर्चाचा मेळ

बँकेत हिशेब लिहिणाऱ्या आम्हां मंडळींची एक साधी सवय आहे. खर्चाशेजारी उत्पन्न मांडून पाहावयाचे. समजा, दुसऱ्या लाईनीचे भाडे महिना 400 रुपये आहे आणि एका मासिक डब्यामागे 500 रुपये सुटतात. तर महिन्यात एक गिऱ्हाईक टिकले तरी लाईन आपला खर्च भागविते. उलट आठ फोनचे यंत्र कर्ज काढून घेतले व पाच फोन धूळ खात पडले, तर हप्ता मात्र चुकत नाही. म्हणून दोन लाईनींपासून आरंभ करावा, सहा महिने नोंदवही पाहावी आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. पुढे वाढविता येणारे यंत्र घेतल्यास जुने फेकावे लागत नाही.

थोडक्यात, किती लाईनी हव्यात हे शेजाऱ्याकडे पाहून अथवा जाहिरात वाचून ठरवू नये. आपली वही जे सांगेल, ते ऐकावे. ज्या घरातील मुले वाणिज्य अथवा गणित शिकत आहेत, त्यांनी आई-वडिलांसाठी आठवड्याची ही नोंद जरूर करावी. शिक्षणाचा घराला झालेला तो एक प्रत्यक्ष उपयोग ठरेल.