भातावरील हिरवे तुडतुडे : नेफोटेटिक्स प्रजातीची ओळख

भाताच्या खाचरात चूड हलविताच जे लहान कीटक टुणकन उडतात, त्या सर्वांना शेतकरी ‘तुडतुडे’ या एकाच नावाने ओळखतात. परंतु त्या सर्वांचे नुकसान करण्याचे प्रकार भिन्न आहेत. म्हणून उपाय योजण्यापूर्वी कीड नेमकी ओळखणे अगत्याचे आहे.

वर्गीकरण : हिरवे तुडतुडे हेमिप्टेरा गणातील सिकॅडेलिडी कुलात मोडतात. नेफोटेटिक्स ही प्रजाती जपानी कीटकशास्त्रज्ञ मात्सुमुरा यांनी १९०२ साली स्थापिली. भारतात तिच्या दोन जाती विशेष महत्त्वाच्या आहेत : नेफोटेटिक्स व्हायरेसेन्स व नेफोटेटिक्स निग्रोपिक्टस. जुन्या ग्रंथांत त्यांचा निर्देश अनुक्रमे इम्पिक्टिसेप्स व एपिकॅलिस या नावांनी आढळतो. ग्रंथ पडताळताना हा नामभेद ध्यानात ठेवावा.

प्रजातीची लक्षणे : कीटक पाचरीच्या आकाराचा, सुमारे ३ ते ५ मिलिमीटर लांब व हिरवा असतो. नराच्या पुढील पंखांची टोके काळी असतात; मादीची टोके फिकट असतात. मागील पायांच्या नळीवर बारीक काट्यांच्या रांगा असतात. तपकिरी तुडतुड्याच्या त्याच नळीच्या टोकाशी एक मोठा हालता काटा असतो. शिवाय तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी राहतात, तर हिरवे तुडतुडे बहुधा पानांवर व चुडाच्या वरील भागात आढळतात.

दोन जातींमधील भेद : भिंगातून नराचे मस्तक वरून पाहावे.

(१) निग्रोपिक्टस : मस्तकाच्या पुढील कडेलगत दोन डोळ्यांच्या दरम्यान काळा पट्टा असतो. मस्तकामागील प्रवक्षाची पुढील कडही काळी असते. पंखावरील काळा ठिपका पाठीकडील भाग अलग करणाऱ्या बारीक रेषेपर्यंत पोहोचतो.

(२) व्हायरेसेन्स : मस्तकावर असा पट्टा नसतो. पंखावरील ठिपका त्या रेषेपासून अलग राहतो. क्वचित तो नसतोही.

केवळ ठिपक्यावर विसंबू नये, कारण त्याचा आकार बदलतो आणि माद्यांत तो पुष्कळदा नसतो. शंका राहिल्यास नराच्या जननेंद्रियाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करूनच अंतिम निर्णय करावा लागतो.

या भेदाचे महत्त्व : दोन्ही जाती पानांतील रस शोषतात, परंतु खरा धोका टुंग्रो या विषाणुरोगाचा आहे. व्हायरेसेन्स ही जाती त्याचा सर्वांत समर्थ प्रसारक असून ती प्रामुख्याने भातावरच जगते. निग्रोपिक्टस बांधावरील गवतावरही चांगली वाढते आणि हा रोग त्या मानाने कमी कार्यक्षमतेने पसरविते. रोगट रोपे खुजी राहतात, पाने टोकाकडून पिवळी-नारिंगी होतात व फुटवे कमी येतात. नत्राची उणीव समजून अशा शेतात खत वाढविल्यास रोग हटत नाही. खर्च मात्र वाया जातो.

तुडतुड्यांच्या अंड्यांतून हा रोग पुढील पिढीत जात नाही. पिल्लांना व प्रौढांना तो रोगट रोपांचा रस शोषूनच मिळतो. म्हणून कापणीनंतर धसकटे नांगरून गाडावीत, आपोआप उगवलेली भाताची रोपे काढावीत व रोगट चूड उपटून नष्ट करावेत. रोपवाटिकेत हातजाळी फिरवून तुडतुडे पकडावे व नमुना कृषी अधिकाऱ्यास दाखवावा. जाती निश्चित झाली म्हणजे फवारणीची आवश्यकता ठरविणे सुलभ होते.