फडताळात वाजणारा फोन

जुन्नर, सोमवार

चि. बाळास,


काल रात्री तू जेवायला बसलास तेव्हा मी काही बोलले नाही. बोलले असते तर आवाज चढला असता, आणि तू दमून आला होतास. आज पहाटेच्या एसटीनं तू पुण्याला गेलास आणि माझ्या मनातलं सगळं मनातच राहिलं. म्हणून लिहिते.

काल दिवेलागणीला दूध घालायला आलेला पोरगा ओट्यावरूनच म्हणाला, "चावंडच्या अंगाला बिबट्यानं एका सायकलवाल्याला ओढलं म्हणत्यात." तू सकाळी सायकलनं नाणेघाटाला गेला होतास. वहिनीनं, तुझ्या आईनं, तुला फोन लावला, आणि तो आतल्या खोलीत, फडताळात वाजायला लागला. तिनं पुन्हा लावला. पुन्हा तिथंच वाजला. तिला माहीत होतं तो तिथं आहे, तरी ती लावत राहिली. दादानं मोटारसायकल बाहेर काढली आणि किक मारायच्या आधीच थांबला. जायचं कुठं? आपटाळ्यापर्यंत, चावंडपर्यंत, की थेट घाटघरला? तू त्याच रस्त्यानं परत येणार होतास की मधेच कुकडेश्वराकडं वळणार होतास, हे कुणालाच सांगितलं नव्हतंस.

तू पिकअपमधून उतरलास तेव्हा नऊ वाजून गेले होते. टायर फाटला होता, एवढंच. बिबट्याची गोष्ट खोटी निघाली म्हणून तू हसलास. बाळा, ते हसणं मला लागलं.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूतला तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यातली दोन लेकरं. गावं शिरूर तालुक्यातली, पण वनविभाग आपलाच, जुन्नरचा. लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक रस्ता अडवून धरला होता. त्या भागातल्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागल्या. आपल्याकडं अशी बातमी आली की आधी ती खरी धरावी लागते, खोटी आहे का ते मागून बघायचं. आणि तू सांगतोस काय, तर अंधार पडल्यावर रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून ट्यूब बघत होतास! वनखात्याची माणसं गावोगाव हेच सांगत फिरतात की उसाच्या कडेला वाकून, बसून राहू नका, खाली बसलेला माणूस बिबट्याला जनावरासारखा दिसतो. एकट्यानं जाताना मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावा, असंही सांगतात. तुझी गाणी फडताळात होती.

जेवताना तू दादाला म्हणालास, "तात्या कुठं फोन घेऊन जायचे?" तुझ्या आजोबांचं नाव काढलंस म्हणून त्याचं उत्तर देते.

तात्या सायकलला दोन्ही बाजूंना किटल्या लावून दूध घेऊन जायचे, अंधारात निघायचे, अंधारात यायचे. फोन नव्हता हे खरं. पण त्यांची घंटी रस्त्यावरच्या प्रत्येक वस्तीला ओळखू यायची. एकदा साखळी तुटली आणि ते चालत येत होते, तर ते यायच्या आधी एका गाडीवानानं आईला निरोप दिला, "तात्यांना उशीर होईल, काळजी करू नका." रस्त्यालाच माणसाची खबर असायची. तू हेल्मेट, गॉगल आणि ते झगझगीत जर्किन घालून जातोस. आपटाळ्याच्या चौकात तुला ओळखणारं कोण आहे? शिवाय तात्यांच्या रस्त्याला बाजरी आणि हुलगा होता. माणिकडोह, येडगाव, डिंभ्याची धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला, कारखाने आले. वर्षभर उभ्या असलेल्या उसात बिबट्याच्या माद्या पिलं घालायला लागल्या. पाण्यानं आपलं घर वर आलं, दादाचं शिक्षण झालं, त्याबद्दल मी कृतघ्न होणार नाही. पण तात्यांचा रस्ता आणि तुझा रस्ता एक नाही.

आता माझ्या नोकरीतलं सांगते. इतकी वर्षं सिस्टर म्हणून काढली, त्यात मला सगळ्यात जड गेलेली गोष्ट रक्ताची नव्हती. रजिस्टरमध्ये "अनोळखी पुरुष, वय अंदाजे पंचवीस" असं लिहिणं सगळ्यात जड जायचं. रस्त्यावरून कुणीतरी उचलून आणलेला, बेशुद्ध, खिशात काही नाही. उपचार चालू व्हायचे, त्याला कुणी थांबत नव्हतं. पण त्याला कशाची ॲलर्जी आहे, कुठली गोळी चालू आहे, हे कुणाला विचारायचं? आणि त्याच वेळी कुठल्यातरी घरात एक बाई उंबऱ्यात उभी असणार, हे आम्हाला तिथं बसून दिसायचं. काल वहिनीला बघितलं आणि मला ते रजिस्टर आठवलं. म्हणून गप्प बसले होते रे.

फोन तुझ्यासाठी नको असेल तर ज्याला तू सापडशील त्याच्यासाठी घे. पडद्याचं कुलूप न उघडताही आणीबाणीचा नंबर आणि रक्तगट दिसेल अशी सोय त्यात असते, ती भरून ठेव. कुलूप न काढता ११२ लावता येतो, आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर तो लागू शकतो. रुग्णवाहिकेला १०८, वनखात्याला १९२६. मैलाचा दगड नाही तर जवळचं देऊळ, शाळा, जे दिसेल ते सांगायचं. गाडीवाल्याचा निम्मा वेळ जागा शोधण्यात जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तू म्हणशील, घाटघरला नाहीतर आहुप्याला रेंज असते कुठं? बरोबर आहे तुझं. फोन खिशात टाकला की झालं, असं मीही म्हणत नाही. रेंज शोधत राहिला की त्याची बॅटरी भराभर उतरते, म्हणून अशा भागात तो फ्लाइट मोडवर टाक. तुला हवी ती शांतताही मिळेल आणि लागेल तेव्हा तो जिवंत असेल. तू सातवीत असताना विज्ञानदिनाला आपण खोडदला रेडिओ दुर्बीण बघायला गेलो होतो, आठवतं? ४५ मीटर रुंदीच्या त्या तबकड्या बघून तू दिवसभर एक शब्द बोलला नव्हतास. आकाशातून येणारा इतका क्षीण आवाज ऐकायचा तर मोबाइल बंद ठेवावे लागतात, हे तुला तेव्हा फार आवडलं होतं. तुला शांतता का लागते ते मला कळतं बाळा. बंद करून ठेव, पण बरोबर ठेव.

आणि निघताना कुणाला तरी सांगून जा. हे मी फोनच्याही वर धरते. २०१४ च्या ३० जुलैला माळीण गेलं तेव्हा मी मंचरला नोकरीत होते. डोंगर गावावर आला, दीडशेवर माणसं मातीखाली गेली. आतून खबर द्यायला कोण उरलं होतं? बाहेर कळलं ते एका एसटीच्या चालकामुळं. रोजच्या जागी त्याला गाव दिसलं नाही. तिथं गाव असायला हवं होतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं पुढं कळवलं. काल तुझ्याबाबतीत असं ठाऊक असणारं घरात कुणी नव्हतं. दादा मोटारसायकलवर बसून राहिला तो त्यामुळं.

फार बोलले. आता एक माझं सांगते, ते वहिनीलाही माहीत नाही. नववीत असताना आमच्या बाईंनी मुलींची सायकलची सहल लेण्याद्रीला काढली होती. लेण्याद्री जुन्नरपासून केवढी लांब? पाच-सहा किलोमीटर. आईनं नाही म्हटलं. "रस्त्यात काही झालं तर मला कळायचं कसं?" एवढंच ती म्हणाली. मी हट्ट केला नाही. मैत्रिणी धुळीनं माखून, हसत परत आल्या आणि मी दारात कणीक मळत त्यांना बघत होते. मग नर्सिंग, ड्यूट्या, सासर. नाणेघाट मी पहिल्यांदा बघितला तो पन्नाशीनंतर, जीपमधून. त्या दगडी रांजणाजवळ उभी राहिले तेव्हा वाटलं, इथं पायडल मारत यायला हवं होतं. तुझ्या पायांत ते बळ आहे, आणि तू जातोस याचा मला अभिमान आहे. वहिनी म्हणाली, "त्याची सायकलच विकून टाका." मी तिला सांगितलं, सायकलला हात लावायचा नाही. आईची भीती खोटी नव्हती, पण तिच्याकडं कळायचं साधन नव्हतं, म्हणून मी घरी बसले. तुझ्या आईकडं ते साधन आहे. ते फडताळात ठेवून जाऊ नकोस.

घाटात पाऊस आडवा येतो आणि फोन भिजतो अशी तुझी तक्रार होती ना? मी मेणकापडाची एक पिशवी शिवली आहे, तुझ्या जर्किनच्या मागच्या खिशाच्या मापाची. आत एक चिठ्ठी घातली आहे, तुझं नाव, दादाचा नंबर, माझा नंबर आणि रक्तगट. तुझा आणि माझा रक्तगट एकच आहे. तू जन्मलास तेव्हाच मी तो बघून ठेवला होता. पिशवी शुक्रवारच्या गाडीनं पाठवते. शिवण थोडी वाकडी झाली आहे, आता डोळे पूर्वीसारखे नाहीत, पण दोरा दुहेरी आहे.

पुढच्या रविवारी आहुप्याला जाणार आहेस असं दादा म्हणाला. जा. डिंभ्याला रेंज आहे तोवर एकदा वाजव, बोलायची गरज नाही, मिस कॉल पुरे. परतताना मंचरला माझ्याकडं उतर. मासवडी करून ठेवते, आणि तुला कितीही उशीर झाला तरी रस्सा पुन्हा गरम करीन.

तुझी,
आत्या