फाल्गुन-चैत्रातील हवामान आणि परभणी जिल्ह्यातील फळझाडे व भाजीपाला

परभणी जिल्ह्यात वसंत ऋतु फार थोडा काळ टिकतो. फेब्रुवारीच्या आरंभी दुपारचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते व पहाटे गारवा असतो. एप्रिलमध्ये तोच पारा ४० अंशांच्या घरात जातो. याच आठ-दहा आठवड्यांत मोसंबीचा आंबेबहार धरतो, आंब्याच्या मोहराची कैरी होते, रब्बी कांदा पोसतो आणि कलिंगड, काकडी, भेंडी ही पिके फुलावर येतात. पिकांची सर्वांत नाजूक अवस्था व वर्षातील चंचल हवामान यांची अशी गाठ पडत असल्यामुळे वर्षभराच्या कष्टांचे फळ पदरी पडणार की नाही, हे बहुधा या दिवसांतच ठरते. हवामान शेतकऱ्याच्या हाती नाही. परंतु पाण्याची पाळी, लागवडीची वेळ व फवारणीची वेळ या तीन गोष्टी त्याच्या हाती आहेत.

मोसंबी : फळगळ व पाणी

मोसंबीस ताण देऊन पाणी सुरू केले म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत आंबेबहाराची फुले येतात. त्यांपैकी फार थोड्या फुलांची फळे होतात व काही गळ नैसर्गिकच असते. परंतु मार्चमध्ये ऊन एकाएकी तापले व कोरडे वारे सुटले, तर पानांतून उडून जाणारे पाणी मुळांना भरून काढता येत नाही. अशा वेळी पाने लहान फळांतील पाणी ओढून घेतात, फळांचे देठ सुटू लागतात आणि वाटाण्याएवढ्या ते लिंबाएवढ्या फळांचा सडा झाडाखाली पडतो.

गळ दिसू लागताच अनेक दिवस कोरड्या राहिलेल्या बागेस एकदम भरपूर पाणी देण्याची चूक पुष्कळदा होते. काळ्या जमिनीस भेगा पडताना बारीक मुळे आधीच तुटलेली असतात. त्यांवर पाणी साचले म्हणजे उरलेल्या मुळांना हवा मिळत नाही व गळ अधिकच वाढते. म्हणून पाणी थोडे, पण ठरलेल्या अंतराने द्यावे. ठिबक संच असल्यास ते पहाटे किंवा सायंकाळी सोडावे. आळे दुहेरी करावे, म्हणजे पाणी बुंध्यास लागून डिंक्या रोग होणार नाही. आळ्यात पालापाचोळा किंवा सोयाबीनचे काड सुमारे १० सेंटिमीटर जाडीचे पसरावे. त्यामुळे ओल टिकते व भेगा पडत नाहीत.

जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरील बागाईतदारांनी दोन आवर्तनांमधील अंतर विहिरीच्या पाण्याने भरून काढण्याची तजवीज आधीच करावी. बहार धरण्यापूर्वी विहिरीतील पाण्याचा अंदाज घ्यावा व जेवढ्या झाडांना मे अखेरपर्यंत पाणी पुरेल, तेवढ्यांचाच बहार धरावा. २०१२-१३ च्या दुष्काळात शेजारच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा पाण्याअभावी वाळून गेल्या. एका हंगामाचे उत्पन्न बुडाले तर ते पुढील हंगामात भरून निघू शकते. परंतु वाळलेल्या झाडाच्या जागी नवे झाड फळास येण्यास पाच-सहा वर्षे लागतात.

आंबा

दिवसा ऊब, रात्री गारवा व मधूनच ढगाळ हवा असली, की मोहरावर भुरी व तुडतुडे वाढतात. भुरीसाठी गंधकाची फवारणी करावी. मात्र ती कडक उन्हात केल्यास मोहर व पाने करपतात. मोहर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक फवारू नये. आंब्याचे परागीकरण माश्या व मधमाश्या करतात. त्याच मेल्या तर निरोगी मोहरही वांझ राहतो.

भाजीपाला

दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर व रात्रीचे २१ अंशांच्या वर राहू लागले, की टोमॅटोचे पराग निकामी होऊन फुले गळतात. त्या वेळी जादा खत देऊन उपयोग होत नाही. लागवड अशी साधावी, की बहुतेक फळे मार्चपूर्वी धरलेली असतील. पाणी अनियमित दिल्यास फळाचा खालचा भाग काळा पडून सडतो.

कलिंगड व काकडीच्या वेलांवर उष्मा वाढताच नर फुलांचे प्रमाण वाढते. मादी फुलांवर मधमाश्या सकाळी येतात. म्हणून फवारणी सायंकाळी करावी.

उष्ण व कोरड्या हवेत पांढरी माशी वाढते व ती भेंडीवरील केवडा रोग पसरविते. परभणीच्या कृषि विद्यापीठाने काढलेली ‘परभणी क्रांती’ ही जात या रोगास प्रतिकार करणारी म्हणून प्रसिद्धीस आली. तथापि, कोणतीही जात लावली तरी पिवळ्या शिरांची झाडे दिसताच उपटून नष्ट करावीत.

कांद्याचे पाणी काढणीपूर्वी सुमारे पंधरा दिवस तोडावे. काढलेला कांदा पातीने झाकून सुकवावा व आभाळ दिसताच छपराखाली हलवावा. भिजलेला कांदा साठवणीत टिकत नाही.

गारपीट

वरच्या थरातील थंड पश्चिमी वारे व समुद्रावरून आलेले दमट वारे एकत्र आले, की या दिवसांत वादळी पाऊस व गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात झालेल्या गारपिटीने उभी पिके व फळबागा झोडपून काढल्या.

गारांनी फळे पडतात, हे नुकसान डोळ्यांना दिसते. परंतु साल फुटलेल्या फांद्यांतून बुरशी आत शिरते व झाड पुढे कित्येक महिने खंगत जाते. म्हणून नुकसानीची छायाचित्रे काढून ठेवावी, गावच्या महसूल व कृषि कर्मचाऱ्यांस आणि विमा असल्यास विमा कंपनीस विहित मुदतीत कळवावे. साचलेले पाणी चर काढून बाहेर घालवावे. मोडलेल्या फांद्या धारदार करवतीने कापून जखमांवर बोर्डो मलम लावावे. हे मलम १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी या प्रमाणात तयार करावे. पडलेली फळे वेचून पुरावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठातून दर मंगळवारी व शुक्रवारी हवामानावर आधारित कृषि सल्ला प्रसृत होतो. कार्यकर्त्यांनी तो ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याच दिवशी लावावा व पावसाचा इशारा असल्यास कांदा काढणाऱ्या शेतकऱ्यांना प्रत्यक्ष भेटून सांगावे. दोन दिवस आधी मिळालेली सूचना खळ्यावरील कांदा वाचवू शकते. पावसानंतर मिळालेल्या सूचनेचा काहीच उपयोग नसतो.